दिसत नाही, लागत नाही, घेत नाही

“मॅडम, वरचा कॉम्प्युटर खालून लागत नाही.”

फोन जालन्याच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानातून होता. दुकान खाली, घर वर. खालच्या संगणकावर रोजचा हिशेब, वरच्यावर मुलाचा अभ्यास आणि मागच्या वर्षांच्या नोंदी. मी विचारलं, “काय म्हणतोय तो?” उत्तर आलं, “काहीच म्हणत नाही हो. नुसतं गोल फिरतंय.” सवयीप्रमाणे मी ते वहीत उतरवून घेतलं. महिन्याभरानं परतूरहून असाच फोन आला. तिथला संगणक मात्र बोलत होता. बटण दाबल्याबरोबर, क्षणही न लावता, तो नकार देत होता. दोन्ही घरांनी मला सांगितलेला शब्द एकच होता, ‘लागत नाही’. प्रत्यक्षात मोंढ्यातल्या घरी दोष जिन्याजवळच्या राउटरमध्ये निघाला, तर परतूरला पलीकडच्या संगणकावर एक सेवा बसवलेलीच नव्हती. पहिल्याला अर्धा दिवस लागला, दुसऱ्याला पाच मिनिटं.

ही पुस्तिका त्या वहीतून उभी राहिली आहे. संगणकाचे वर्ग घेता घेता आणि घरोघरचे संगणक जोडून देता देता मी माणसांचे शब्द जसेच्या तसे लिहीत गेले. फोन अंबडहून असो, भोकरदनहून असो की मंठ्याहून, एका घरातल्या दोन संगणकांत दुरून लॉगिन होत नसेल तर माणसं तीनच क्रियापदं वापरतात. “दिसत नाही.” “लागत नाही.” “घेत नाही.” पुष्कळ दिवस मी ही एकाच तक्रारीची तीन रूपं समजत होते. वही पुन्हा वाचली तेव्हा कळलं की त्या तीन वेगळ्या जागा आहेत. दिसत नाही म्हणजे पत्त्याची किंवा वाटेची अडचण. लागत नाही म्हणजे वाट आहे, घर आहे, पण दार उघडत नाही. घेत नाही म्हणजे दारातल्या माणसानं नाव विचारलं, आपण सांगितलं आणि त्याला ते पटलं नाही. आपल्या बोलीनं हे निदान आधीच करून ठेवलं आहे. आपण ते नीट वापरत नाही, शब्दांची अदलाबदल करतो, आणि मग चुकीच्या खोलीत दिवा घेऊन शोधत बसतो.

आधी हे काम म्हणजे नेमकं काय, ते सांगते. एका संगणकावरून दुसऱ्याकडे फाइल पाठवणं वेगळं. दुरून लॉगिन म्हणजे माझ्यासमोरचा कळफलक काही वेळापुरता दुसऱ्या खोलीतल्या संगणकाचा कळफलक होतो. माझी बोटं इथे असतात, काम तिथे होतं. याच्या दोन तऱ्हा घरांत दिसतात. एकीत नुसती अक्षरांची खिडकी असते, तिला एसएसएच म्हणतात; लिनक्स वापरणारी मुलं ती वापरतात. दुसरीत पलीकडचा सगळा पडदाच आपल्या पडद्यावर येतो, तो रिमोट डेस्कटॉप. माझ्या माहितीतल्या एक ताई जीएसटीची विवरणपत्रं भरून देतात. दिवसा त्या दुकानात असतात; रात्री लेकरू झोपलं की वरच्या खोलीतल्या लॅपटॉपवरून खालच्याच संगणकावर काम पुढे चालवतात. अंबड तालुक्यातल्या एका मोसंबी बागायतदाराच्या मुलानं जुना, पडदा फुटलेला लॅपटॉप फेकून न देता माळवदाच्या खोलीत ठेवला आहे. त्यावर तो प्रोग्रामिंग शिकतो, आणि त्या लॅपटॉपला स्वतःचा पडदाच नसल्यामुळे दुरून लॉगिन हीच आत जायची एकमेव वाट आहे. अशा घरांत लॉगिन अडलं की काम अडतं, शिक्षण अडतं. म्हणून या विषयाला मी किरकोळ मानत नाही.

तो नवाही नाही. २९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्यानं शेकडो किलोमीटर लांबच्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकावर लॉगिन करून पाहिलं. ज्या जाळ्याचं पुढे इंटरनेट झालं, त्या अर्पानेटवरचा हा पहिला संदेश. ‘लॉगिन’ या शब्दातलं पहिलं अक्षर गेलं, दुसरं गेलं, आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभरानं पुन्हा प्रयत्न केल्यावर लॉगिन पूर्ण झालं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. क्लाइन आणि पलीकडचे बिल डुव्हॉल हे दोघं त्या वेळी टेलिफोनवर एकमेकांशी बोलत होते. पहिलं अक्षर पोचलं का, दुसरं पोचलं का, असं एकेक विचारत होते. म्हणून कुठपर्यंत गेलं आणि कुठे थांबलं हे त्यांना अक्षराच्या अचूकतेनं सांगता आलं. आज माझ्या विद्यार्थ्यांना मी हेच करायला लावते. एक जण वर, एक जण खाली, दोघांच्या कानाला मोबाइल, आणि प्रत्येक पायरीला एकच प्रश्न: तिथपर्यंत आलं का?

पुढची पंचवीस वर्षं दुरून लॉगिन करायला टेलनेट नावाची पद्धत प्रचलित होती. तिच्यात पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा उघडा जायचा. वाटेतल्या कुणालाही तो वाचता यायचा. १९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रविज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असेच पासवर्ड चोरले गेले. तेव्हा तिथल्याच तातू युलोनेन यांनी बंद लिफाफ्यातून जाणारी पद्धत लिहिली, तीच एसएसएच. त्यांनी तिच्यासाठी २२ क्रमांकाचं दार मागून घेतलं, कारण फाइल पाठवण्याचं जुनं दार २१ होतं, टेलनेटचं २३, आणि मधलं रिकामं होतं. एसएसएच त्या वर्षीच्या जुलैत लोकांसमोर आली, आणि पुढच्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यात चित्रं दिसत नसत. फोनच्या तारेवरून निगमच्या संगणकावर लॉगिन करायचं आणि काळ्या पडद्यावर अक्षरं वाचायची. म्हणजे आपल्याकडच्या एका पिढीचं इंटरनेट दुरून लॉगिन करूनच सुरू झालं.

आता त्या तीन क्रियापदांकडे येते. त्यांतलं पहिलं सर्वांत जास्त वेळ खातं, म्हणून त्याबद्दल सविस्तर.

घरातल्या प्रत्येक संगणकाला राउटर एक पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ नं सुरू होतो. हे आकडे १९९६ साली ठरलेल्या नियमानं खाजगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे तुमच्या घरी जो पत्ता तोच शेजारच्या घरीही असू शकतो. ‘मारुतीच्या देवळामागचं घर’ हा पत्ता जसा प्रत्येक गावात खरा असतो आणि गावाबाहेर त्याला काही अर्थ उरत नाही, तसंच हे. गावातल्या माणसाला मात्र तेवढा पत्ता पुरतो. अडचण तेव्हा येते, जेव्हा देऊळ तेच राहतं आणि मागच्या घरातली माणसं बदलतात.

आणि आपल्याकडे ती बदलतात, कारण लाईट जाते. उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात, विशेषतः खेड्यांत, दिवसातून किती वेळा लाईट जाते हे मी इथल्या वाचकाला सांगायला नको. पुष्कळ साध्या राउटरांना कुणाला कोणता पत्ता दिला हे लाईट गेल्यावर आठवत नाही. लाईट आली की जो आधी जागा होईल त्याला रांगेतला पहिला पत्ता मिळतो. काल १९२.१६८.१.५ वर खालचा संगणक होता. आज त्याच पत्त्यावर काकूंचा मोबाइल किंवा भिंतीवरचा टीव्ही असतो. वरचा मुलगा कालचाच पत्ता टाकतो आणि म्हणतो, “काल तर चालू होतं!” तो खरंच बोलत असतो. कधी राउटर जागा व्हायच्या आतच संगणक उठतो, पत्ता मागतो, उत्तर येत नाही, आणि मग तो स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक पत्ता घेऊन बसतो. हा आकडा दिसला की समजावं, या संगणकाची राउटरशी अजून गाठच पडलेली नाही. थोडा वेळ थांबावं. तो पुन्हा पुन्हा मागत असतो. अर्ध्या तासानंही तोच आकडा असेल तर तार पाहावी, मग राउटर. ज्या संगणकावर लॉगिन करायचं, त्याचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवणं हा यावरचा खरा उपाय. ते कसं करायचं याला मी अख्खं पहिलं प्रकरण दिलं आहे, कारण वहीतल्या ‘दिसत नाही’ या नोंदी सर्वांत जास्त इथेच मिटल्या आहेत.

दुसरं कारण घरांच्या बांधणीतलं आहे. जुन्या जालन्यातल्या दगडी, जाड भिंतींच्या घरांत खालच्या राउटरचं वायफाय वर पोचत नाही. मग कुणीतरी दुसरा राउटर आणून जिन्याजवळ लावतो. इंटरनेट वर येतं, सगळे खूश होतात, आणि दुरून लॉगिन त्या दिवसापासून बंद पडतं. मोंढ्यातल्या त्या घरात हेच झालं होतं. दुसऱ्या राउटरच्या वेगळ्या रंगाच्या भोकात, म्हणजे बाहेरून इंटरनेट घेण्याच्या जागी, तार लावली की तो स्वतःचं वेगळं गाव वसवतो. आपल्या शहरात कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना आहे, दुसऱ्या काठाला नवा. पूल आहेत म्हणून ते एक शहर आहे. या दोन राउटरांमध्ये जो पूल असतो तो एकाच दिशेचा असतो. वरचा माणूस खाली जाऊ शकतो, खालच्याला वर जाता येत नाही. म्हणून मी फोनवर पहिल्यांदा विचारते, “उलट करून पाहिलं का?” वरून खाली लागतं आणि खालून वर लागत नाही, असं उत्तर आलं की मला जिना न चढताही दुसरा राउटर दिसतो. तार बाहेरच्या भोकातून काढून आतल्या भोकात लावायची आणि त्या राउटरचं पत्ते वाटण्याचं काम बंद करायचं, की दोन्ही काठ एक होतात. त्याआधी त्याला स्वतःला पहिल्या राउटरच्या रांगेतला एक मोकळा पत्ता द्यायचा, नाहीतर दोन राउटर एकाच पत्त्यावर हक्क सांगतात.

पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय हाही असाच प्रकार. त्यावरच्या यंत्रांना एकमेकांशी बोलू न देणं हाच त्याचा हेतू असतो. मुलानं लॅपटॉप त्यावर जोडला असेल तर राउटर आपलं काम चोख करतो आहे, दोष कुठेच नाही. आणि सर्वांत साधं कारण, जे तपासायला सर्वांत उशीर होतो: पलीकडचा संगणक झोपलेला असतो. झोपेची वेळ आपणच ठरवून दिलेली असते आणि आपणच विसरतो.

संगणक जागा आहे का हे विचारायला पिंग नावाची छोटी आज्ञा आहे. माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रामरनं ती १९८३ च्या डिसेंबरात लिहिली. पाणबुड्या समुद्रात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्या आवाजाचं नाव तिला दिलं. पण इथे मला एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. पिंगला उत्तर आलं तर पलीकडे कुणीतरी आहे हे नक्की. उत्तर आलं नाही तर कुणी नाही असं म्हणता येत नाही. विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्या हाका अडवणारी राखण, अनेकदा पिंगला उत्तरच देऊ देत नाही. अशा वेळी पिंगनंतर लगेच एआरपी ही आज्ञा द्यावी. आपल्या जाळ्यात कोणत्या पत्त्यावर कोणतं यंत्र सापडलं याची यादी ती दाखवते. त्या यादीत पलीकडच्या पत्त्यापुढे यंत्राचा बारा अक्षरांचा क्रमांक आला, तर ते जागं आहे, फक्त बोलत नाही. माझी कित्येक तासांची धावपळ या एका आज्ञेनं वाचवली आहे. आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात. पुढच्या प्रकरणांत त्या तशाच छापल्या आहेत, या प्रस्तावनेत मी त्या उच्चाराप्रमाणे लिहिते आहे.

‘लागत नाही’ यातलं सगळं मर्म नकार आणि शांतता यांच्या फरकात आहे. नकार मिळाला की माणसं हिरमुसतात. मला मात्र नकार ऐकून बरं वाटतं. नकार द्यायला पलीकडे कुणीतरी असावं लागतं. तार बरोबर आहे, राउटर बरोबर आहे, त्या पत्त्यावरचं यंत्र जागं आहे, एवढं सगळं एका नकारानं सिद्ध होतं. पत्ता अजून त्याच संगणकाचा असेल, तर बाकी एवढंच उरतं की त्या क्रमांकाच्या दारामागे कुणी बसलेलं नाही. एसएसएचसाठी ते दार २२, रिमोट डेस्कटॉपसाठी ३३८९. उबुंटू लिनक्सच्या घरगुती आवृत्तीत दुसरीकडे लॉगिन करण्याचं साधन मुळातच असतं. दुसऱ्याला आत घेण्याची सेवा मात्र वेगळी बसवावी लागते. परतूरच्या फोनमागे एवढंच होतं. रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर ही सेवा नोव्हेंबर २०१६ पासून मुद्दाम बंद ठेवून दिली जाते. ती आपण सुरू करायची. विंडोजच्या होम आवृत्तीवरून दुसऱ्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपनं जाता येतं, पण होम आवृत्तीचा संगणक स्वतः कुणाला आत घेत नाही. हे माहीत नसल्यामुळे किती घरांनी दोन-दोन दिवस घातले आहेत! म्हणून संगणक घेण्याआधीच आवृत्ती विचारून घ्यावी.

शांतता ही जास्त अवघड. गोल फिरत राहतं, मिनिटभरानं ‘वेळ संपली’ असा अर्थ असलेलं वाक्य येतं. शांततेची कारणं अनेक: पत्ता चुकीचा, संगणक झोपलेला, वाटच नाही, किंवा फायरवॉलनं हाक ऐकून मुद्दाम गप्प राहायचं ठरवलेलं. विंडोजच्या फायरवॉलचा कल या शेवटच्याकडे असतो. दारामागे कुणी नसलं तरी ती नकारही पाठवत नाही. म्हणून विंडोजची शांतता लिनक्सच्या शांततेइतकी बोलकी नसते, आणि तिथे एआरपीची यादी अधिक कामी येते.

अशा शांततेत काय करावं, याचा धडा इथल्या शेतातच आहे. जालना बियाण्याचं गाव आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको ही बियाणे कंपनी सुरू केली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण बियाण्याचं ज्ञान इथे कंपन्यांच्या आधीपासून बांधावर आहे. पेरलेलं उगवलं नाही तर आपला शेतकरी पहिल्याच दिवशी दुबार पेरणी करत नाही. तो दोन-चार ठिकाणी माती उकरून बी हातात घेतो. बी कोरडंच आहे, की फुगून कुजलं, की मोड येऊन वर यायचा राहिला, की बी तिथे नाहीच, पाखरांनी नेलं? वरून सगळं रान सारखंच उघडं दिसतं, खाली चार वेगळी कारणं असतात आणि चारही कारणांचे उपाय वेगळे. शांततेच्या बाबतीत मला हाच उकरण्याचा धीर शिकवायचा आहे. आधी पलीकडच्याच संगणकासमोर बसून त्यालाच स्वतःमध्ये एसएसएचनं लॉगिन करून पाहायचं. तिथे झालं तर सेवा ठीक आहे. मग तारांनी एकाच राउटरला दोन्ही जोडून पाहायचं. तिथे झालं तर फायरवॉलही ठीक आहे. मग वायफाय, मग दुसरा राउटर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि चालू झालं, तर पुढच्या वेळी लाईट गेल्यावर आपल्याला काहीच ठाऊक नसतं.

फायरवॉलबाबत एक तपशील इथेच सांगते. विंडोज प्रत्येक नव्या वायफायला सार्वजनिक किंवा खाजगी मानतं. घरचं वायफाय सार्वजनिक म्हणून नोंदलं गेलं असेल, तर तुमचा संगणक स्वतःच्याच घरात बसस्थानकावर बसल्यासारखा वागतो, कुणालाच ओळख देत नाही. राउटर बदलला की ही नोंद नव्यानं होते. घरच्या जाळ्याला खाजगी करणं हा दोन क्लिकांचा उपाय आहे. त्याऐवजी फायरवॉलच बंद करून टाकणारे मी पाहिले आहेत, आणि त्याबद्दल पुढे बोलणार आहे.

‘घेत नाही’ ही तक्रार आली की बहुतेक वाट सर झालेली असते, तरी माणसं सर्वांत जास्त चिडतात ती इथे, कारण आपला पासवर्ड आपल्याला माहीत असतो. मराठी घरांत याचं एक खास कारण आहे, जे इंग्रजीतल्या मार्गदर्शकांत सहसा सापडत नाही. कळफलक मराठीवर असतो. अर्ज मराठीत टाइप केला, भाषा परत इंग्रजीवर आणायची राहिली, आणि पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे ठिपक्यांआड देवनागरी अक्षरं चालली आहेत हे कळत नाही. कधी अक्षरं बरोबर असतात आणि आकडे तेवढे देवनागरी पडतात. एका कोऱ्या पानावर पासवर्ड टाइप करून डोळ्यांनी पाहावा आणि पान न साठवता बंद करावं. एसएसएचच्या खिडकीत तर ठिपकेही उमटत नाहीत. नवशिक्याला वाटतं कळफलकच बंद पडला. तो चालू असतो; पासवर्ड किती अक्षरांचा आहे हेही बाजूच्याला कळू नये म्हणून तसं केलेलं आहे.

मग नावाचा घोळ. पडद्यावर ‘दुकान’ असं मोठ्या अक्षरात दिसतं, पण ते दाखवायचं नाव. खात्याचं खरं नाव पहिल्यांदा संगणक सुरू करून देणाऱ्यानं काही वेगळंच ठेवलेलं असतं. पलीकडच्या संगणकावर ‘हू अ‍ॅम आय’ ही आज्ञा द्यावी, तो खरं नाव सांगतो. चार आकड्यांचा पिन त्या यंत्रासमोर बसूनच चालतो; दुरून जाताना खात्याचा पूर्ण पासवर्ड लागतो. ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज दुरून आत घेत नाही, आणि हे फार शहाणपणाचं आहे. विंडोजची जी आवृत्ती घरांत दुरून आत घेते, तिच्यातही एका वेळी एकच जण काम करू शकतो. वरून मुलगा आत गेला की खाली मुनीमजींचा पडदा बंद होतो. त्यावरून एका घरात संगणक बिघडला असं ठरून नवा घ्यायची बोलणी झाली होती.

एसएसएचमध्ये पासवर्डाऐवजी किल्लीची फाइल वापरता येते, आणि ती पद्धत मला जास्त पसंत आहे. पण ती किल्ली पेन ड्राइव्हवरून आणली की लिनक्स अडून बसतं, कारण पेन ड्राइव्हवर ती फाइल सगळ्यांना वाचता येण्याजोगी झालेली असते. तिजोरीची किल्ली खुंटीला टांगलेली पाहून एखादा विश्वासू मुनीम तिजोरी उघडायलाच नकार देईल, तसा हा नकार. फाइल स्वतःच्या संगणकात आणून ती फक्त मालकालाच वाचता येईल असं करावं लागतं. आणि कधीतरी एक मोठा, ठळक इशारा येतो: या पत्त्यावरच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणीतरी मध्ये बसून ऐकत असू शकतं. आपल्या घरांत याचं कारण बहुतेक वेळा पुन्हा तीच गेलेली लाईट असते. पत्ता दुसऱ्या यंत्राला गेलेला असतो, किंवा पलीकडे लिनक्स नव्यानं बसवलेलं असतं. तरीही तो इशारा न वाचता पुसून टाकू नये. का बदललं याचं उत्तर आधी घरातच मिळवावं, मगच जुनी ओळख काढावी.

आता ज्याबद्दल मला तळमळीनं सांगायचं आहे ते. वैतागलेला माणूस शेवटी सगळी दारं उघडी टाकतो. फायरवॉल बंद, पासवर्ड एक-दोन-तीन-चार, आणि बाहेरगावाहूनही लागावं म्हणून राउटरमध्ये ३३८९ चं दार सगळ्या जगाला खुलं. लॉगिन होतं, आणि घरात आनंद होतो. २०१६ साली मिराय नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. त्यासाठी त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या साठेक नावांची आणि पासवर्डांची यादी होती, दुसरी कसलीही जादू नव्हती. दार कुणाच्या घरचं आहे हे तो पाहत नव्हता. जालन्यातलं घर लहान आहे, आपल्याकडे कोण येतंय, हा विचार इथे चालत नाही. ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या आणि बँकेची खाती आहेत, त्याचं दार फक्त घरातल्या जाळ्यापुरतंच उघडं असावं, यावर मी ठाम आहे.

फोनवरून येणारा धोका याहून जवळचा. बँकेतून बोलतो असं सांगून कुणी आपल्याला पडदा दाखवणारं अ‍ॅप घ्यायला लावतो आणि खातं रिकामं करतो. अशाच एका अ‍ॅपविषयी रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केलं होतं. दुरून लॉगिन कसं होतं हे ज्या घरात एकाला तरी कळतं, त्या घरातली आजीसुद्धा अशा फोनला लवकर ओळखते, कारण समोरचा माणूस काय मागतो आहे याचा अर्थ तिला कुणीतरी आधी सांगितलेला असतो. ही पुस्तिका लिहिण्यामागचं माझं सर्वांत मोठं कारण हेच.

वापरायची रीत साधी आहे. प्रकरणं क्रमानं वाचायची गरज नाही. आधी आपलं क्रियापद ठरवा, मग त्या प्रकरणाकडे जा. आणि पडद्यावर जे वाक्य येईल ते, समजो न समजो, अक्षर न अक्षर वहीत उतरवा. “काहीतरी एरर येतंय” असं लिहू नका. समर्थ रामदासांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातला, घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा. त्यांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास अक्षर कसं लिहावं, लेखन कसं जपावं यासाठीच दिला आहे. इथल्या मुलांना मी तो दाखवते. नीट उतरवलेलं वाक्य ही अर्धी दुरुस्ती असते, कारण ‘नाकारलं’, ‘वेळ संपली’ आणि ‘परवानगी नाही’ हे तीन शब्द तीन वेगवेगळ्या प्रकरणांत नेतात.

पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं ठेवलं आहे. त्यावर आपल्या घराचा नकाशा काढायचा आहे: राउटर कुठे, दुसरा असेल तर त्याची तार कोणत्या भोकात, कोणत्या संगणकाचं खरं नाव काय, त्याला कोणता पत्ता राखून ठेवला, इन्व्हर्टरवर काय आहे आणि काय नाही. पासवर्ड तिथे लिहू नका. मोंढ्यातल्या त्या घरात हे पान काकूंनी भरलं. त्यांनी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा काढल्या, आणि सातव्या पायरीशेजारी, देवघराच्या भिंतीला लागून, दुसरा राउटर दाखवला. परवा त्यांचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, “मॅडम, वरून दिसतंय, लागतंय पण, घेत मात्र नाही. परवानगी नाही असं म्हणतंय. मी लिहून ठेवलंय.” मी विचारलं, “काकू, कळफलक मराठीवर आहे का?” त्या “थांबा, बघते” म्हणाल्या, आणि मला फोनमधून त्यांची जिना चढणारी पावलं ऐकू आली.